पितळ काळं पडलंय? घासायला बसण्याआधी हे वाचा, नाहीतर देवाचं नाकही जाईल आणि भांड्याची कल्हईही

पुणे : देव्हाऱ्यातली जुनी अन्नपूर्णा एकदा हातात घेऊन बघा. आजीनं लग्नात माहेराहून आणलेली असेल तर तिचं नाक बहुतेक सपाट झालेलं असतं, डोळे पुसलेले असतात, हातातल्या पळीची नुसती रेघ उरलेली असते. शेजारचा रांगणारा बाळकृष्णही तसाच गुळगुळीत. पन्नास-साठ वर्षं दर सणाला राख, विटेची भुकटी आणि काथ्या घेऊन ज्या हातांनी भक्तीनं घासलं, त्याच हातांनी ही झीज झालेली आहे.

आता गौरी-गणपती, घटस्थापना, दिवाळी असे सण आले की घरोघर माळ्यावरचं पितळ खाली उतरतं. हंडा, कळशी, घंगाळ, समई, ताम्हण, परात सगळं अंगणात मांडलं जातं. हल्ली मोबाईलवर "एका मिनिटात पितळ सोन्यासारखं" असे व्हिडिओ येतात आणि मग संडास साफ करायच्या ॲसिडपासून सँडपेपरपर्यंत सगळं त्यावर वापरून होतं. भांडं चमकतं, पण दोन दिवसांत पुन्हा काळं, नाहीतर हिरवं पडतं. म्हणून पितळ काळं का पडतं, काय घासायचं, कशानं घासायचं आणि काय अजिबात घासायचं नाही, ते नीट समजून घेऊ.

काळं पडतं म्हणजे काय होतं?

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. साधारण ६० ते ७० टक्के तांबं, बाकी जस्त. कासं वेगळं, त्यात तांब्यासोबत कथील असतं. कासं वाजवलं की खणखणीत नाद देतं आणि हातातून पडलं तर फुटू शकतं. पितळ पडलं तर पोचा येतो.

पितळेतल्या तांब्याला हवा आणि ओल लागली की वरचा थर आधी तपकिरी, मग काळपट होतो. चुलीचा धूर, गॅस, माणसाच्या हाताचा घाम यानं ते आणखी लवकर होतं. म्हणजे हा काळेपणा बाहेरून येऊन बसलेली धूळ नाही. भांड्याच्या अंगचाच धातू तिथं बदललेला असतो. त्यामुळं काळेपणा काढला की त्याबरोबर थोडा धातूही जातो. अगदी थोडा जातो, पण दरवेळी जातो. अन्नपूर्णेचं नाक गेलं ते असं.

हिरवा थर मात्र वेगळा. त्याला जुनी माणसं कळंक म्हणतात. आंबट, खारट पदार्थ किंवा ओल तांब्याला जास्त वेळ लागून राहिली की तो येतो. पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते "कळकलं" असं आपण म्हणतो, ते यामुळंच. ज्यांच्याकडं द्राक्ष किंवा डाळिंबाची बाग आहे त्यांना हे लगेच कळेल. बोर्डो मिश्रणात १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना घालतो. तो मोरचूद तांब्याचाच क्षार आणि हा कळंकही तांब्याचाच. दोघे एका घरातले. मोरचूद पोटात जाऊ नये म्हणून जेवढी काळजी घेतो, तेवढीच कळंक आलेल्या भांड्याबाबत घ्यायला पाहिजे.

तांबट आळीत काय दिसतं?

पुण्यातल्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळापासून तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. आंघोळीच्या पाण्याचे बंब, घागरी, हंडे इथं हातानं ठोकून बनत आले. आळीत शिरलं की हातोड्याचा आवाज आधी येतो, दुकान नंतर दिसतं.

घडवताना पत्रा तापवावाच लागतो, नाहीतर ठोकताना तो कडक होऊन चिरतो. तापवला की तो काळा पडतो. म्हणून नवंकोरं भांडंसुद्धा घडवताना काळंच असतं. मग ते आंबट पाण्यानं साफ करतात आणि त्यावर मठारकाम होतं. गुळगुळीत केलेल्या हातोडीनं शेजारी शेजारी एकसारखे ठोके देत जायचे, म्हणजे पत्र्याला कडकपणा येतो आणि प्रत्येक ठोक्याच्या जागी लकाकी येते. जुन्या हंड्यावर, बंबावर हे ठोके ओळीनं दिसतात.

याचा घरच्या घासण्याशी संबंध असा की भांड्याची खरी चमक ही त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागात असते. तारेच्या घासणीनं किंवा वाळूनं घासलं की बारीक ओरखडे पडतात. तेवढ्यापुरतं भांडं पिवळंधमक दिसतं, पण त्या ओरखड्यांत ओल आणि मीठ अडकून राहतं आणि भांडं आधीपेक्षा लवकर काळं पडतं. मग पुन्हा घासा, पुन्हा ओरखडे. असं हे चक्र चालतं.

घासायच्या आधी तीन गोष्टी तपासा

पहिली, भांडं खरंच पितळेचं आहे का? लोहचुंबक लावून बघा. जुन्या स्पीकरमधलं चुंबक चालेल. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता पिवळा मुलामा. असली वस्तू चिंचेत भिजवली किंवा जोरात घासली तर मुलामा निघून आतलं लोखंड गंजेल. ती ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडी करायची, एवढंच.

दुसरी, वर वॉर्निश आहे का? तुळशीबागेतून किंवा प्रदर्शनातून आणलेल्या शोभेच्या नव्या वस्तूंवर बऱ्याचदा पारदर्शक लेप दिलेला असतो. अशी वस्तू सगळीकडं सारखी काळी पडत नाही, जिथं लेप उडाला तिथंच ठिपके ठिपके पडतात. लेप आहे तोवर चिंच-लिंबू खाली पोचतच नाही. साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन पुसलं तरी पुरतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, आतून कल्हई आहे का? पातेलं, परात, डबा आतून पांढरट चंदेरी दिसत असेल तर ती कल्हई आहे. तो काळेपणा किंवा मळ समजून आतून घासू नका. याबद्दल पुढं सविस्तर येईलच.

चिंच-मिठाची पद्धत, पण नीट

हंडा, कळशी, तांब्या, ताम्हण अशा साध्या, बिनकल्हईच्या आणि जाड वस्तूंसाठी आजही चिंच हाच उत्तम उपाय. चिंचेतलं आम्ल काळा थर विरघळवतं आणि मीठ त्याला मदत करतं. लिंबू, आमसूल, कैरी, आंबट ताक यांचंही काम तेच. बाजारातली पितांबरीसारखी पावडरही अशाच कामाची आहे. ती वापरायची तर पाकिटावर लिहिलंय तशी.

१. भांडं आधी साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन घ्या. तेलकटपणा राहिला तर त्या जागी चिंच काम करत नाही आणि डागडागाळ दिसतं.

२. मोठ्या लिंबाएवढी चिंच वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. चोथा आणि चिंचोके काढून टाका. चिंचोक्याचं टरफल कडक असतं, त्यानंही ओरखडा येतो. कोळात एक चमचा बारीक मीठ घाला आणि ते विरघळू द्या. खडेमीठ तसंच घासू नका.

३. मऊ सुती फडक्यानं किंवा नारळाच्या मऊ शेंडीनं कोळ लावा. दोन-तीन मिनिटं थांबा. काळेपणा आपोआप सुटायला लागतो. मग हलक्या हातानं चोळा. जोर लावायची गरज पडली तर जोर वाढवायचा नाही, कोळ पुन्हा लावायचा.

४. पाच-दहा मिनिटांच्या वर आंबट लावून ठेवू नका. रात्रभर चिंचेत बुडवून ठेवलेल्या पितळेतलं जस्त आधी निघून जातं आणि तांबूस-गुलाबी चट्टे उरतात. ते चट्टे धुऊन जात नाहीत, कारण तिथं आता पितळ राहिलेलंच नसतं, नुसता तांब्याचा थर असतो.

५. दोन वेळा स्वच्छ पाण्यानं धुवा. मग बादलीभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून त्यातून एकदा काढा आणि पुन्हा साध्या पाण्यानं धुवा. सोड्यानं उरलेलं आम्ल मरतं. ही पायरी बहुतेक जण सोडतात आणि म्हणूनच दोन दिवसांत हिरवे ठिपके येतात.

६. लगेच कोरड्या फडक्यानं पुसा. कान, काठ, बुडाची घडी इथं पाणी राहतं, तिथं नीट पुसा. मग दहा-पंधरा मिनिटं उन्हात ठेवा.

एका भांड्याचा वापरलेला काळा-हिरवा कोळ दुसऱ्या भांड्याला लावू नका, आणि त्यात लोखंडी तारेची घासणी तर मुळीच बुडवू नका. बोर्डो मिश्रणात चुना कमी पडलाय का ते बघायला आपण लोखंडी खिळा किंवा विळी बुडवतो. त्यावर तांबूस थर चढला की समजतो. इथंही तेच होतं. कोळात उतरलेलं तांबं लोखंडाच्या संगतीनं पुन्हा बाहेर पडतं आणि पिवळ्या भांड्यावर लाल झाक येते.

हे धुतलेलं पाणी गुरांच्या हौदाजवळ ओतू नका. त्यात तांबं उतरलेलं असतं. गायी-म्हशींपेक्षा मेंढ्यांना तांबं जास्त बाधतं. ज्यांच्याकडं मेंढरं आहेत त्यांनी तर विशेष लक्ष द्यावं.

बोअरच्या पाण्यानं हंड्याच्या आत पांढरे क्षार धरतात, ते खरवडून काढू नका. लिंबाच्या रसाचं पाणी थोडा वेळ ठेवून फडक्यानं पुसलं की सुटतात. नंतर वर सांगितल्याप्रमाणे धुऊन घ्यायचं.

समई आणि निरांजन : आधी चिकटा, मग काळेपणा

समईवरचा काळा थर बहुतेक वेळा धातूचा नसतोच. तो जळालेल्या तेलाचा चिकटा आणि काजळी असते. त्यावर कितीही चिंच लावली तरी उपयोग होत नाही. समई फिरवून सुटी करा. कडकडीत पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकून भाग त्यात अर्धा तास बुडवा. हातात रबरी मोजे घाला. मग जुन्या मऊ टूथब्रशनं कडा आणि खाचा साफ करा.

चुलीची राख इथं चालते, कारण राखेतल्या क्षारानं तेल सुटतं. पण ती वस्त्रगाळ करून घ्या. राखेत खडा किंवा कोळशाचा तुकडा राहिला तर ओरखडा पडलाच म्हणून समजा. चिकटा गेल्यावर जेवढा काळेपणा उरेल तेवढ्यासाठीच चिंच वापरा.

वापरून झालेली समई तेलासकट ठेवून देऊ नका. तेल शिळं झालं की तेही पितळेला खातं. समईच्या वाटीत जो हिरवट मेणासारखा चिकटा दिसतो तो त्याचाच.

देव, टाक आणि गौरीचे मुखवटे

इथं नियम एकच, कमीत कमी हात लावायचा.

टाक पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले असतात. त्यावरचा घोडा, तलवार, देवीचे हात हे पत्र्याच्या उठावातच असतात. पावडर घेऊन अंगठ्यानं घासलं की आधी तोच उंच भाग झिजतो आणि पुढं तिथं भोक पडतं. रोजच्या देवांना साधं पाणी आणि मऊ कपडा पुरेसा आहे. पंचामृताचं स्नान घातल्यावर मात्र लगेच भरपूर पाण्यानं धुवा. दही आंबट असतं, ते खाचेत राहिलं की कळंक येतो.

सणापुरतं उजळायचंच असेल तर बोटानं चिंचेचा पातळ कोळ लावा, मिनिटभरात धुवा, सोड्याच्या पाण्यातून काढा आणि पुसा. पावडर, राख, ब्रश यातलं काही नको. नाक-डोळ्याच्या खाचेत थोडा काळेपणा राहिला तर राहू द्या. त्या काळ्या रेषेमुळंच चेहरा उठून दिसतो.

गौरीच्या पितळी मुखवट्यांवर डोळे, कुंकू, ओठ रंगवलेले असतील तर मुखवटा पाण्यात बुडवू नका. रंगाच्या भोवतालचा भाग ओलसर फडक्यानं पुसा आणि रंगाची जागा कोरडीच राहू द्या.

नाव घातलेल्या भांड्यांचंही तसंच. लग्नात आलेल्या कळशीवर देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख कोरलेली असते. मशीनवर बफिंग करून घेतलं तर भांडं आरशासारखं होतं, पण नाव पुसट होतं आणि मठारचे ठोकेही जातात. बफिंगला देण्याआधी निदान त्या नावाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि कारागिराला नावाची जागा सोडायला सांगा.

कल्हई : इथं चूक झाली तर पोटावर येते

पितळी पातेल्यात आतून कल्हई असते ती शोभेसाठी नाही. आमटी, टोमॅटो, चिंच, ताक, कोकम असे आंबट पदार्थ उघड्या पितळेत शिजवले किंवा ठेवले तर तांबं अन्नात उतरतं. ते जास्त पोटात गेलं तर मळमळ, उलट्या, पोटात कळा येतात. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो अन्न आणि पितळ यांच्या मध्ये उभा राहतो.

कल्हई करताना भांडं आधी साफ करून भट्टीवर तापवतात. त्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर निघतो आणि धातू स्वच्छ होतो. मग कथील लावलं की ते लगेच वितळतं आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवून सगळीकडं सारखं पसरवतात. पूर्वी कल्हईवाला भाता घेऊन गावोगाव यायचा आणि पोरं भोवती कोंडाळं करून बसायची. आता तो फार गावांत येत नाही. पुण्यात जुन्या पेठांमध्ये, तांबट आळीच्या परिसरात चौकशी केली तर हे काम होतं. भांडी खरेदीला तुळशीबाग, रविवार पेठेकडं जाणाऱ्यांनी त्याच फेरीत जुनी पातेली सोबत नेली तर दोन्ही कामं होतात. स्वारगेटला एसटीनं उतरल्यावर तिथून मेट्रोनं मंडई स्टेशन एकच थांबा आहे.

कल्हई टिकवायची असेल तर इतकं करा :

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात. म्हणजे भांड्याला काही होणार नाही, पण कल्हई जाईल. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवू नका आणि त्यात तळणही करू नका.

आतून तारेची घासणी, राख, वाळू, चिंच, पावडर यातलं काहीच लावू नका. कथील फार मऊ असतं. अन्न चिकटलं असेल तर पाणी घालून भिजू द्या आणि मऊ फडक्यानं काढा. बाहेरून मात्र चिंच लावायला हरकत नाही. लोखंडी उलथन्याऐवजी लाकडी डाव वापरा.

आतला पांढरा रंग मंदावला, करडा झाला तर घाबरायचं कारण नाही. पण पिवळा-तांबूस रंग डोकावायला लागला की त्या भांड्यात स्वयंपाक बंद आणि पुन्हा कल्हई.

कल्हई देताना शुद्ध कथलाचीच मागा. स्वस्तात काम करायला कथलात शिसं मिसळलं तर ते शिसं अन्नात उतरतं आणि लहान मुलांना त्याचा सगळ्यात जास्त धोका. काम समोर बसून करून घ्या आणि ओळखीच्या, जुन्या कारागिराकडं जा. ओतीव पितळेतही काही वेळा शिसं असतं, म्हणून शोभेची वाटी, पेला, ओतीव मूर्तीसोबतचं ताट यात खायचं काही वाढू नका.

व्हिडिओतलं ॲसिड

संडास साफ करायच्या बऱ्याच द्रावणांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते लावलं की काळेपणा झटकन जातो हे खरं. पण त्याबरोबर वरचा धातूही जातो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि त्यातले क्लोराईड बारीक छिद्रांत शिल्लक राहतात. पावसाळी हवेत ते पुन्हा पुन्हा हिरवं फुटतात. एका मिनिटाच्या चमकेसाठी भांड्याला कायमचं दुखणं लागतं.

त्याहून मोठा धोका माणसाला आहे. बंद मोरीत ॲसिडची वाफ छातीत जाते. कुणी जास्त चमक यावी म्हणून त्यात ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो, त्यानं जीव गुदमरतो. ॲसिड अंगावर उडालं तर त्यावर हळद-तेल लावत बसू नका. पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर पाण्यानं धुऊन लगेच दवाखाना गाठा.

ब्रासोसारखी पातळ पॉलिश दाराच्या कड्या, घंटा, शोभेच्या वस्तू यांना ठीक आहे. जेवणाच्या किंवा पाण्याच्या भांड्याला आतून लावायची नाही.

दारावर "पॉलिश" करायला कुणी आलं तर

भांड्यांची माहिती देताना हेही सांगायलाच पाहिजे. दुपारी पुरुष माणसं शेतात असताना मोटारसायकलवर दोघं येतात. कंपनीची नवीन पावडर आहे, फुकट दाखवतो म्हणतात. आधी तुमचा काळा तांब्या घेतात आणि डोळ्यांसमोर लख्ख करून देतात. मग चांदीचे पैंजण मागतात. तेही चमकतात. आता विश्वास बसलेला असतो, तेवढ्यात गळ्यातल्या मंगळसूत्राकडं किंवा हातातल्या पाटल्यांकडं वळतात.

पुढं दोन प्रकार होतात. एक म्हणजे दागिना ज्या द्रावणात बुडवतात ते सोनं विरघळवणारं ॲसिड असतं. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात सोनंही विरघळतं. दागिना परत मिळतो, पण वजन घटलेलं असतं आणि विरघळलेलं सोनं ते भांड्यातून घेऊन जातात. दुसरा म्हणजे दागिना हळदीच्या पाण्यात टाकून डब्यात किंवा कुकरमध्ये बंद केल्याचं दाखवतात, अर्ध्या तासानं उघडा म्हणतात. उघडल्यावर आत काही नसतं.

पितळेचा तांब्या चिंचेनंही मिनिटात चमकतो, हे एकदा माहीत झालं की त्या चमकेची जादू राहत नाही. घरातल्या आजींना, सुनांना, मुलींना हे सांगून ठेवा. असं कुणी आलं तर दार उघडू नका, शेजाऱ्यांना हाक मारा, गाडीचा नंबर टिपा आणि ११२ ला फोन करा.

उजळलेलं पितळ ठेवायचं कुठं?

पितळ गोठ्यात किंवा खताच्या खोलीत ठेवू नका. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवली जायची आणि त्यांना आपोआप भेगा पडायच्या. घोड्यांच्या मुतातून निघणाऱ्या अमोनियामुळं हे होतं, असं १९२१ साली संशोधकांनी दाखवून दिलं. ठोकून घडवलेल्या पितळेत ताण असतो, त्यावर अमोनिया आणि ओल यांचा मारा झाला की ते चिरतं. आपल्या गोठ्यातही तोच वास असतो आणि ओल धरलेल्या युरियाच्या पोत्यालाही. माळ्यावर जागा नाही म्हणून जुना हंडा गोठ्यात नेऊन ठेवला आणि दोन पावसाळ्यांनी काठाला चीर गेली, तर दोष हंड्याचा नाही.

भांडी कोरडी करून जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून ठेवा. ओल असताना प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका. रबर बँड लावू नका, रबरातल्या गंधकानं काळी रेघ उमटते. शोभेच्या वस्तूंना मेणाचा अगदी पातळ हात फिरवून फडक्यानं पुसला तर हवा लागत नाही आणि चमक जास्त टिकते.

थोडं काळं राहिलं तरी ते पितळच

पुण्यात बाजीराव रस्त्याला, शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर यांनी लोकांच्या माळ्यावरून, बाजारातून, मोडीतून दिवे, अडकित्ते, दौती, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावानं हे संग्रहालय उभं केलं. तिथले दिवे बघायला लोक लांबून येतात. तसेच दिवे कधीकाळी आपल्याही घरात होते. काही घासून घासून झिजले, बाकीचे "काळं झालंय, अडगळ आहे" म्हणून मोडीत गेले.

मोडीत पितळ किलोवर जातं. त्यावरचं नाव, मठारचे ठोके, कुणाच्या माहेरची आठवण याचं वजन काट्यावर येत नाही. म्हणून या सणाला भांडी खाली उतरवाल तेव्हा आधी तीन ढीग करा. हंडे-कळश्या चिंचेनं उजळायला. पातेली-पराती कल्हईसाठी. देव, टाक आणि नावाची भांडी फक्त पुसायला.

आणि ती अन्नपूर्णा. तिचं नाक आता परत येणार नाही. पण जेवढं उरलंय तेवढं नातसुनेपर्यंत जायला हवं असेल, तर यंदा तिला नुसत्या पाण्यानं आंघोळ घाला आणि मऊ फडक्यानं कोरडं करा. तेवढं पुरतं.